स्वतंत्र कोण?



विषय सत्ता, स्वातंत्र्य आणि सदाचार हा आहे. काही भाविक म्हणतील, "महाराज, हे राजकारण आपल्या मासिकात कशाला? आम्हांला आपले नामस्मरण पुरे." शंका रास्त आहे. तिचे समाधान आधी करू. पक्षापक्षांची भांडणे हे राजकारण. ते येथे नको. पण राजधर्म ही वस्तू निराळी. भगवान व्यासांनी महाभारतात शांतिपर्व घातले, त्याची मांडणी बघा. आधी राजधर्म, मग आपद्धर्म आणि शेवटी मोक्षधर्म. मोक्षाचा विचार व्यासांस कमी प्रिय होता काय? नव्हे. पण ज्या गावात दुबळ्याचे शेत बळकट माणूस खातो, त्या गावात दुबळ्याने मोक्षधर्म ऐकावयास बसावे तरी कसे? म्हणून क्रम असा लावला. आम्हीही त्याच वाटेने जाणार.

प्रथम 'स्वतंत्र' या शब्दाचा विचार करू. आपल्याकडे हा शब्द फार सैल वापरतात. पोरगा बापाचे ऐकेना की म्हणतात, "तो आता स्वतंत्र झाला!" हे स्वातंत्र्य नव्हे, हा स्वैरपणा. भगवान पाणिनीने व्याकरणात कर्त्याचे लक्षण सांगताना 'स्वतंत्र' हाच शब्द योजिला आहे. क्रियेत जो स्वतंत्र, तो कर्ता. रामा सुतार कुऱ्हाडीने लाकूड तोडतो. तोडण्याचे काम कुऱ्हाड करते हे दिसतेच. पण कुऱ्हाडीला कोणी कर्ता म्हणत नाही. ती साधन, म्हणजे करण. लाकूड हे कर्म. रामा कर्ता, कारण तोडावे की न तोडावे हे त्याच्या हाती आहे.

येथेच पाणिनीने आणखी एक मौज केली आहे. पुढल्याच सूत्रात तो सांगतो, की कर्त्याला जो प्रवृत्त करतो तोही कर्ताच. त्याला हेतु अशी संज्ञा. मालकाने गड्याकडून झाड तोडविले, तर मालक कर्ता झाला. पण त्यामुळे गड्याचे कर्तेपण गेले काय? व्याकरण म्हणते, नाही गेले. तोडण्याचा कर्ता गडी राहिलाच. 'मला सांगितले म्हणून मी केले' हे उत्तर व्याकरणाला मान्य नाही, आणि आमच्या मते धर्मालाही मान्य नाही. वाचकांनी एवढी गोष्ट पदरात बांधून ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता सत्ता कोठून आली ते पाहू. शरपंजरी पडलेल्या भीष्माचार्यांना धर्मराज हाच प्रश्न विचारतात. राजालाही दोन हात, दोन पाय, त्यालाही भूक-तहान आणि मरण. मग एकाने हजारोंवर राज्य करावे हे कसे? भीष्मांचे उत्तर मार्मिक आहे. ते सांगतात, की आरंभी राज्य नव्हते, राजा नव्हता, दंड नव्हता आणि दंड देणाराही नव्हता. लोक धर्मानेच एकमेकांचे रक्षण करीत. मग मोह शिरला, मोहामागे लोभ आला, लोभापाठी काम आणि क्रोध आले. मग शास्त्र, दंड, राजा हे सारे आणावे लागले. तात्पर्य काय? आपल्या आतला संयम जितका सुटतो, तितका बाहेरचा दंडुका वाढतो. ज्या रांगेत माणसे आपणहून उभी राहतात, तेथे शिपाई लागत नाही. ज्या रांगेत दहाजण मध्येच घुसतात, तेथे शिपाई येतो, दोर येतो, कठडा येतो. आणि मग निमूट उभे राहणाऱ्यालाही कठड्यातूनच जावे लागते. एकाचा दुराचार दुसऱ्याचे स्वातंत्र्य खातो तो असा.

पण राजा आला म्हणजे त्याला मोकळे रान मिळाले असे नव्हे. वेन राजा उन्मत्त झाला तेव्हा ऋषींनीच त्याचा अंत केला, आणि त्याच्या पुत्राकडून, पृथूकडून, आधी प्रतिज्ञा घेतली व मग त्याला सिंहासनावर बसविले. राजाने कसे वागावे याला भीष्मांनी दृष्टांत दिला तो गर्भिणीचा. पोटुशी बाई आपल्या जिभेला आवडते ते बाजूला सारते आणि पोटातल्या जिवाला जे मानवेल ते खाते. सत्ताधाऱ्याने तसे असावे.

श्रोते म्हणतील, "हे राजांना सांगा, आम्ही कोठले राजे?" मायबापहो, येथेच तर मेख आहे! २६ जानेवारी १९५० पासून या देशाची राज्यघटना अमलात आली, आणि तिच्या पहिल्याच वाक्यात ती आपणा लोकांच्या नावाने बोलते. राजा गेला, संस्थानिक गेले. ज्याचे नाव मतदारयादीत आहे तो आता राजा. तेव्हा शांतिपर्वातला राजधर्म आज वाचावयाचा तो तुम्ही आणि आम्ही. गर्भिणीचा दृष्टांत आता आपल्यालाच लागू. मत देताना माझ्या जिभेला काय आवडते हे पाहू नये. गावाच्या पोटातल्या उद्याच्या लेकरांना काय मानवेल ते पाहावे.

आता भक्तीचा विचार. आपला संप्रदाय भक्तीचा, म्हणून हा भाग जरा सावकाश वाचावा.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी, घटना मंजूर होण्याच्या आदल्या दिवशी, डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनी घटनासमितीत शेवटचे मोठे भाषण केले. त्यात त्यांनी एक इशारा दिला. त्याचा आशय असा, की धर्मात भक्ती ही आत्म्याच्या उद्धाराची वाट असू शकेल. परंतु राजकारणात भक्ती किंवा व्यक्तिपूजा ही अधोगतीची आणि अखेरीस हुकूमशाहीची वाट होय. थोर माणसाबद्दल कृतज्ञता जरूर असावी, पण आपले स्वातंत्र्य त्याच्या पायांवर वाहण्याइतकी ती वाढू नये, असेही त्यांनी बजावले.

काही मंडळींना वाटते की हे भक्तीवर टीका करणारे बोलणे. आम्हांस तसे वाटत नाही. आमच्या मते, भक्तीची खरी किंमत ज्याला कळली तोच असा इशारा देईल. भक्ती म्हणजे काय? आपले सर्वस्व दुसऱ्याच्या हवाली करणे. ते कोणाच्या हवाली करावे? ज्याला आपल्याकडून काहीएक मिळवावयाचे नाही, त्याच्या. विटेवर उभा असलेल्या पांडुरंगाला तुमचे मत नको, वर्गणी नको, जयजयकारही नको. कमरेवर हात ठेवून तो उभा आहे, तो हात पुढे पसरीत नाही. म्हणून त्याला सर्वस्व दिले तरी भक्त लुबाडला जात नाही. मनुष्य कितीही थोर असो, त्याला भूक आहे, भय आहे, भाऊबंद आहेत आणि पुढची निवडणूक आहे. त्याला मान द्यावा, त्याच्या चांगल्या कामात हात द्यावा आणि त्याला हिशेबही विचारावा. सर्वस्व मात्र देऊ नये. देवाचे निर्माल्य आपण माणसाच्या गळ्यात प्रसाद म्हणून घालतो, पण माणसाच्या गळ्यातला हार काढून देवाला घालीत नाही. एवढा विवेक आपल्याला पूजेत आहे, तो सभेत का नसावा?

आपल्या वारीची रीत पाहा. दोन वारकरी भेटले म्हणजे दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. सत्तर वर्षांचा म्हातारा वीस वर्षांच्या पोराच्या पाया पडतो. कोणी लहान नाही, कोणी मोठा नाही. एकाने पाय पुढे करून उभे राहावे आणि शंभरांनी वाकावे, ही रीत दरबारातली. ती वाळवंटातली नव्हे. अलीकडे पालखीच्या वाटेवर पुढाऱ्यांच्या तसबिरींचे मोठमोठे फलक लागतात. वारकऱ्यांस पाणी पाजणे, औषध देणे ही सेवा थोरच. ती करणाऱ्यांचे कल्याण असो. परंतु पाण्याच्या पेल्याहून पाजणाराची तसबीर मोठी झाली, की सेवेचा सौदा होतो.

मग सत्ता नकोच काय? तसे नव्हे. सत्ता कशी असावी हेही वारीतच पाहावयास मिळते. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची घडी बसविली ती हैबतबाबा आरफळकर यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. ते शिंदे सरकारच्या पदरी राहिलेले. शिस्त त्यांच्या हाडात होती. मुक्कामाला पालखी पोचते, दिंड्या तळावर गोलाकार उभ्या राहतात, टाळमृदंगांचा कल्लोळ चाललेला असतो. मग चोपदार आपला चोप वर करतात. अहो, हजारो माणसांचा तो समुदाय क्षणात गप्प होतो! त्या चोपाला ना धार, ना गोळी. आज्ञा पाळली जाते ती पाळणारे आतून बांधलेले आहेत म्हणून.

आणि खरी गंमत पुढेच आहे. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी तेवढी टाळ वाजवीतच राहते. सगळीकडे शांतता आणि एकच टाळ वाजतोय! चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणे काय ते ऐकून घेतात, त्याचा निवाडा होतो आणि मगच समाजआरती पुढे चालते. तक्रार करणाऱ्या दिंडीला कोणी 'तळाबाहेर व्हा' म्हणत नाही. तिचा टाळ ऐकू यावा म्हणून बाकीचे सारे गप्प राहतात. आमच्या अल्पमतीप्रमाणे, लोकराज्य म्हणजे काय हे समजावयास याहून सोपा पाठ दुसरा नाही. आज्ञेला मान आहे, आणि गाऱ्हाण्यालाही जागा आहे. ज्या दिवशी चोप वर झाला असता वाजणारा टाळ हिसकून घेतला जाईल, त्या दिवशी शांतता राहील, पण आरती राहणार नाही.

आता सत्तेच्या जागेवर बसलेल्याने कसे वागावे, याविषयी दोन आख्याने सांगतो. एक जुने, एक नवे.

मंगळवेढ्याचे दामाजीपंत सर्वांस ठाऊक आहेत. महिपतीबुवांनी शके १६८४ मध्ये पुरा केलेल्या 'भक्तविजया'त त्यांची कथा गायिली आहे. पंत बेदरच्या बादशहाचे अंमलदार. दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून तडफडू लागली, आणि पंतांनी सरकारी कोठारे उघडली. पुढे देवाने विठू महाराचे रूप घेऊन बादशहाकडे धान्याची किंमत भरली व पावती घेतली, ही कथा आपण कीर्तनात डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. पण आधीचा भाग लक्षात घ्यावा. पंतांनी कोठार उघडले तेव्हा देव येणार आहे हे त्यांना माहीत नव्हते. ते पळाले नाहीत, लपले नाहीत, दुसऱ्याचे नाव पुढे केले नाही. शिपाई आले तेव्हा त्यांच्याबरोबर निघाले. सरकारी धान्य वाटणारे पुष्कळ असतात. सरकारचे वाटून नाव आपले लावणारेही असतात. पंतांनी धान्य सरकारचे वाटले आणि पणाला लावले ते स्वतःचे शिर. या एका खुणेवरून दान आणि देखावा वेगळे ओळखावेत.

दुसरे आख्यान आमच्याच काळातले. २५ जून १९७५ रोजी देशात आणीबाणी पुकारली गेली. हजारो माणसांना चौकशीवाचून तुरुंगात घातले. प्रश्न असा उभा राहिला, की अशा माणसाला आपली अटक बेकायदा आहे म्हणून न्यायालयाचे दार तरी ठोठावता येते काय? २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी निकाल दिला, की आणीबाणी असेतोवर येत नाही. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी सांगितले, की येते. सेवाज्येष्ठतेने सरन्यायाधीशपद त्यांच्याकडे यावयाचे होते. जानेवारी १९७७ मध्ये ते डावलून कनिष्ठास दिले गेले, आणि खन्ना यांनी राजीनामा दिला.

पुढे काय झाले? मार्च १९७७ मध्ये लोकांनी मताच्या चिठ्ठीने ते सरकार बदलले. १९७८ सालच्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने असे ठरले, की जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क बजावून घेण्यासाठी न्यायालयात जाण्याची वाट आणीबाणीतही बंद करता येणार नाही. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढील निवाड्यात १९७६ चा तो निकाल चुकीचा ठरला. एका माणसाचा टाळ वाजत होता, तो ऐकू यावयास एवढी वर्षे लागली. पण त्याने वाजवावयाचे थांबविले असते तर? कायदा कागदावर असतो. त्याला उभे राहावयास कोणाची तरी पाठ लागते. त्या पाठीच्या कण्याचे नाव सदाचार.

यावर एक पूर्वपक्ष येतो. "मग सदाचारच पुरे की! माणसे चांगली झाली म्हणजे कायद्याची गरज काय?" हाही एकांगी विचार होय. संतांनी समतेचा उपदेश शतकानुशतके केला. चोखोबारायांची समाधी पंढरीत महाद्वारासमोर आहे. तिचे दर्शन घेऊन आपण आत जात होतो, आणि त्यांच्याच जातीच्या भाविकांना आत जाता येत नव्हते. आपण अभंग गात होतो आणि दार बंद होते. १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण आरंभिले, १० मे रोजी ते सुटले, आणि हरिजनांस विठ्ठलमंदिराचे दार मोकळे झाले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. देशाचे स्वातंत्र्य त्यानंतर तीन महिन्यांनी आले. एकाच्या तपाने मने वितळली आणि कायद्याने दार पुन्हा लागू दिले नाही. दोन्ही पाहिजेत. एका चाकावर गाडा चालत नाही.

आता शेवटचा प्रश्न. हा आम्हांस कीर्तनानंतर गावोगाव एकांतात विचारतात, आणि विचारणाराची मान खाली असते. "महाराज, निवडणुकीत पाकीट घेतले. त्यांनी तुळशीच्या माळेवर हात ठेवावयास लावून शब्द घेतला. आता तो शब्द मोडला तर पाप लागेल काय?"

याचे उत्तर आम्ही शास्त्राच्या आधाराने देतो. कर्णपर्वात प्रसंग आहे. 'गांडीव दुसऱ्याला दे' असे जो म्हणेल त्याचा वध करीन, अशी अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा होती. युद्धाच्या धामधुमीत, कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेले धर्मराज रागाच्या भरात नेमके तेच बोलले. अर्जुनाने खड्ग उपसले! भगवंतांनी त्याचा हात धरला, आणि कौशिक ब्राह्मणाची गोष्ट सांगितली. सत्यच बोलण्याचे व्रत घेतलेल्या त्या ब्राह्मणाने, लपलेली माणसे कोठे आहेत ते दरोडेखोरांना सांगितले, माणसे मेली, आणि कौशिक नरकात गेला. सिद्धांत असा, की अधर्म करण्याची प्रतिज्ञा ही बांधणारी प्रतिज्ञाच नव्हे.

तेव्हा मायबापहो, मत विकण्यासाठी घेतलेली शपथ तुम्हांस बांधीत नाही. तुळशीमाय कोणाच्या पाकिटाची जामीन राहत नाही. पण म्हणून "पैसेही घेऊ आणि मतही दुसऱ्यालाच देऊ" ही जी शहाणपणाची वाट काहीजण दाखवितात, तीही वारकऱ्याची नव्हे. ती एका खोट्यावर दुसरे खोटे. १९५१ च्या निवडणूक कायद्यात मतासाठी देणे आणि मतासाठी घेणे ही दोन्ही लाचच गणली आहेत. पाणिनीचे सूत्र आठवा. देणारा हेतु झाला म्हणून घेणाराचे कर्तेपण जात नाही. पाकीट परत करावे. परत करण्याची भीती वाटत असेल, तर पुढच्या खेपेस घेऊ नये, आणि मत आपल्या विवेकाने द्यावे. मतदान गुप्त ठेवले आहे ते यासाठीच. त्या पडद्याआड तुम्ही आणि तुमचा अंतर्यामी पांडुरंग, तिसरा कोणी नाही. तेथे तरी कर्ता व्हावे. पाचशे रुपयांना कुऱ्हाडीचा दांडा होऊ नये. दांडा लाकडाचाच असतो आणि झाडच तोडतो, हे शेतकऱ्याला आम्ही काय सांगावे?

आमच्या कीर्तनकार बंधूंनाही एक विनंती. नारदाच्या गादीवर उभे राहून जिवंत सत्ताधाऱ्याची स्तुती करू नये. गावकरी म्हणतात, "महाराज, अमक्यांनी मंडप दिला, दोन शब्द बोला." मंडप दिला त्याचे आभार गावाने कीर्तन झाल्यावर मानावेत, गादीवरून नको. छत्रपती शिवाजी महाराजांनी तुकोबारायांकडे मानाचे साहित्य पाठविले आणि तुकोबांनी ते परत केले, असे संप्रदायात परंपरेने सांगतात. राजा तर शिवराय! त्यांच्याविषयी तुकोबांच्या मनात काय वाईट असणार? पण घेणाऱ्याची जीभ जड होते, आणि जड जिभेने राजाला हिताचे सांगता येत नाही. चांगल्या राजाचेही त्यात नुकसानच.

तेव्हा या चातुर्मासात प्रत्येकाने एवढे नेम धरावेत. मत विकू नये आणि विकत घेऊ नये. ग्रामसभा चुकवू नये. एकादशी चुकवीत नाही, तशी. तेथे गावच्या पैशाचा हिशेब गोड शब्दांत पण उभे राहून विचारावा. विरुद्ध बोलणाराचे बोलणे पुरे होऊ द्यावे. आणि पाय धरावयाचे ते दोघांनी एकमेकांचे. सर्वस्व वाहावयाचे ते एका विठोबाच्या पायांवर. हे नेम सोपे नाहीत, पण निर्जळी उपास करणाराला ते जड जावेत असेही नाहीत.

पांडुरंग सर्वांस तशी बुद्धी देवो.

रामकृष्णहरि.